नगण्य मानलेली हवा

शाळेच्या भौतिकशास्त्रात मुक्त पतनाचे गणित आले की त्याच्या शेवटी एक लहानसे वाक्य हमखास जोडलेले असते : हवेचा विरोध नगण्य मानावा. गणित विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहावे म्हणून ही सवलत दिलेली असते आणि गच्चीवरून सोडलेल्या दगडाच्या बाबतीत ती चालूनही जाते. पावसाच्या थेंबाला मात्र ती लावून पाहावी. २ किलोमीटर उंचीवरच्या ढगातून सुटलेला थेंब केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने खाली आला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक भरतो. प्रत्यक्षात २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ६.५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी तेवीस-चोवीस किलोमीटरने पोहोचतो. वेगातला फरक तीस पटींचा असला, तरी आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे ती सुमारे नऊशे पटींनी कमी झालेली असते. हवाच नसती तर ढगही बनला नसता, हे उघड आहे; तरीही हा कागदावरचा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या बलाला आपण गणित सोपे करण्यासाठी बाजूला ठेवतो, त्याच बलामुळे आषाढातला पाऊस भाताच्या कोवळ्या रोपांवर दिवसचे दिवस पडत राहतो आणि रोपे उभी राहतात.

सवलत देणाऱ्यांना दोष द्यावा असा माझा हेतू नाही. गॅलिलिओने हवेचा विरोध मनातल्या मनात दूर केला, म्हणून तर जड आणि हलक्या वस्तू एकाच त्वरणाने खाली येतात हे सत्य त्याच्या हाती लागले. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतले डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हाताने हातोडा आणि दुसऱ्या हाताने पीस सोडले, आणि वातावरण नसलेल्या त्या भूमीवर दोन्ही एकदमच खाली टेकले. पण गॅलिलिओचा १६३८ सालचा ग्रंथ नीट पाहिला, तर तो हवेला विसरला नव्हता असे दिसते. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो तसा माध्यमाचा विरोधही वाढत जातो आणि अखेर वस्तू एकाच ठरावीक वेगाने खाली येऊ लागते, हे त्याने त्यातच मांडून ठेवले आहे. आपण त्याचे पहिले म्हणणे पाठ केले आणि दुसरे मागे ठेवले.

हे दुसरे म्हणणे थेंबापुरते उलगडून पाहावे. थेंब ढगाखाली सुटतो तेव्हा त्याच्यावर वजनाखेरीज विशेष काही लागू नसते, म्हणून सुरुवातीला त्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढू लागतो. वेग आला की समोरची हवा बाजूला सारावी लागते, आणि वेग दुप्पट झाला की या सारण्याची किंमत जवळजवळ चौपट होते. वजन मात्र आहे तेवढेच राहते. त्यामुळे लवकरच असा एक वेग येतो की खालची ओढ आणि वरचा विरोध तंतोतंत सारखे होतात. तिथून पुढे थेंबावरचे एकूण बल शून्य असते आणि न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे तो एकसमान वेगाने उतरत राहतो. २ मिलिमीटरच्या थेंबाला या अंतिम वेगाच्या अगदी जवळ पोहोचायला पाचएक मीटर अंतर पुरते आणि ५ मिलिमीटरच्या टपोऱ्या थेंबाला दहाएक मीटर. म्हणजे दोन किलोमीटरांच्या प्रवासातले सुरुवातीचे काही मीटर सोडले, तर उरलेल्या सगळ्या वाटेवर पाऊस वेग घेतच नाही. गुरुत्वाकर्षण या सगळ्या वाटेवर काम करत असते, पण त्या कामाची ऊर्जा थेंबाच्या गतीत न साठता आजूबाजूच्या हवेची उष्णता होऊन जाते.

ढगातल्या कणांचे गणित याहून वेगळे आहे. साध्या ढगातल्या जलकणाचा व्यास ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या सूक्ष्म आकाराला हवा एखाद्या दाट, चिकट द्रवासारखी वागवते. तिथला विरोध कणाच्या त्रिज्येवर आणि वेगावर साध्या प्रमाणात अवलंबून असतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली दाखवून दिले; त्यांचा मूळ प्रश्न घड्याळाच्या लंबकाला हवा किती रोखते हा होता, आणि उत्तर ढगांनाही लागू पडले. वजन त्रिज्येच्या घनावर वाढते आणि विरोध केवळ त्रिज्येवर, त्यामुळे कण लहान होत गेला की त्याचा अंतिम वेग त्रिज्येच्या वर्गाने कोसळतो. ०.०२ मिलिमीटरचा कण सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली येतो. या चालीने त्याला दोन किलोमीटर उतरायला दीड-दोन दिवस लागतील, आणि ढगाखालच्या कोरड्या हवेत तो त्याआधीच विरून जाईल.

ढग वर कसा राहतो, या प्रश्नाचे उत्तर यात आहे. पांढऱ्या कापशी ढगाच्या एका घनमीटरात अर्धा ग्रॅम पाणी धरले, तर घनकिलोमीटरभर ढगात ५०० टन पाणी होते. हे पाणी हलके झाले म्हणून तरंगत नसते. ते सतत पडतच असते, फक्त इतक्या हळू पडत असते की खालून येणारा हवेचा मंद प्रवाह त्याला सहज उचलून धरतो. पाऊस व्हायचा तर या कणांनी एकमेकांत मिसळून मोठे व्हावे लागते. ०.०२ मिलिमीटरच्या कणांपासून २ मिलिमीटरचा एक थेंब घडवायला असे १० लाख कण एकत्र यावे लागतात. अंगणात पडलेल्या प्रत्येक थेंबामागे ही दहा लाखांची जुळणी झालेली असते, आणि तीही वेगांच्या फरकामुळेच होते : किंचित मोठा कण किंचित वेगाने उतरतो, वाटेतल्या लहानांना गाठतो, त्यांना सामावून घेत आणखी मोठा होतो आणि आणखी वेगाने उतरू लागतो.

हा हवेचा प्रवाह वर का जातो हे पाहायचे, तर उष्णतेकडे वळावे लागते आणि सह्याद्रीकडेही. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या प्रत्येक घनमीटरात २० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. कोकणच्या पट्टीवरून हा वारा सरळ घाटाच्या भिंतीवर येऊन आदळतो आणि दुसरी वाट नसल्यामुळे वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते. पसरताना ती भोवतालच्या हवेला ढकलते आणि हे काम स्वतःच्या उष्णतेतून करते, म्हणून थंड होते. कोरडी हवा किलोमीटरमागे सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. पण हवा बाष्पाने संपृक्त झाली, म्हणजे तिच्यात आणखी वाफ मावेनाशी झाली, आणि वाफेचे पाणी होऊ लागले की हा दर जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण आता वाफ आपल्यात दडलेली उष्णता परत देऊ लागते. १७६०च्या दशकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी या दडलेल्या उष्णतेचे मापन केले. पाणी उकळत असताना चुलीची उष्णता सतत घेत राहते आणि तरीही त्याचे तापमान तसूभर वाढत नाही, हे सगळ्या स्वयंपाकघरांत रोज दिसणारे सत्य त्यांनी प्रथम गांभीर्याने घेतले. या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो.

आकडे मांडले की या उष्म्याचा आवाका कळतो. समुद्रावरच्या तापमानाला १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेच्या मीटरवरच्या भाषेत जवळपास दोन-तृतीयांश युनिट. घाटमाथ्यावरच्या १ चौरस किलोमीटरवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते १० कोटी लिटर पाणी होते, आणि ते ढगात घडताना ६ कोटी ८० लाख युनिट एवढी ऊर्जा हवेत मोकळी झालेली असते. महाबळेश्वराला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या मोकळ्या झालेल्या उष्णतेमुळे ढगातली हवा भोवतालच्या हवेहून थोडी उबदार आणि म्हणून हलकी राहते, तिला आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे वरचा रेटा मिळतो आणि ती आणखी वर चढते. डोंगराने हवेला फक्त पहिला हात दिलेला असतो. पुढची चढण ती बरीचशी स्वतःच्या उष्म्यावर चढते. माथा ओलांडून पूर्वेला उतरताना हीच हवा दाबली जाते, तापते आणि तिच्यातले ढग विरू लागतात, म्हणून पाचगणीला महाबळेश्वरच्या साधारण तिसरा हिस्साच पाऊस मिळतो आणि खाली वाईला तर त्याहूनही कितीतरी कमी.

या हिशेबाशेजारी कोयनेचा हिशेब ठेवून पाहण्याची मला सवय लागली आहे. शिवाजीसागरातले, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातले, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या बाजूला साडेचारशे मीटरांहून अधिक खाली सोडले जाते, त्याच्या जोरावर जनित्रे फिरतात आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठी नदीला मिळते. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यातून १ युनिट वीज मिळवायची, तर यंत्रातली गळती सोडूनसुद्धा सुमारे ८०० लिटर पाणी लागते. त्याच ८०० लिटर पाण्याची वाफ करायला सूर्याने समुद्रावर पाचशेहून अधिक युनिट ऊर्जा खर्च केलेली असते. उष्णता आणि उंची यांच्या भाषांतला हा विनिमयाचा दर फार विषम आहे. ४२७ मीटर पडलेल्या पाण्याची सगळी ऊर्जा त्या पाण्यातच राहिली, तरी ते केवळ १ अंशाने तापेल; एवढ्या मोठ्या कड्यावरून आलेल्या धबधब्याखाली उभे राहून कुणाला पाणी कोमट लागलेले नाही, कारण तो एक अंश तुषारांच्या बाष्पीभवनात केव्हाच निघून गेलेला असतो. राज्यातल्या कितीतरी घरांतले दिवे ज्या पाण्यावर लागतात, ते पाणी सूर्याने केलेल्या खर्चाचा हा एवढासा अंश घेऊन येते आणि तरीही आपल्याला पुरते, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

हवा, वजन आणि प्रवाह यांचा व्यवहार उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल, तर भर पावसाळ्यात जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावे. सातवाहनकालीन शिलालेखाचे लेणे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहायला लोक एरवीही येतात, पण श्रावणाच्या आधी आलेली गर्दी कड्याच्या काठाशी खोळंबलेली असते, ती उलट्या धबधब्यासाठी. पठारावरचे पाणी ओहळाने काठापर्यंत येते, खाली झेपावते आणि दिसेनासे होण्याऐवजी पांढऱ्या फवाऱ्याच्या रूपात परत वर येऊन पाहणाऱ्यांच्या तोंडावर आपटते. तिथे उभे असताना माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला सांगितले, ‘‘इथं गुरुत्वाकर्षण चालत नाही, बाळा.’’ त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला मोलाचे वाटले, म्हणून मी मध्ये बोललो नाही. पण गुरुत्वाकर्षण तिथेही तेवढेच चालते, आणि ते चालते म्हणूनच तो देखावा समजण्याजोगा आहे.

काठावरून सुटलेली धार काही हातांच्या अंतरातच फुटते. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून घेण्याची पाण्याची ओढ, तिला ठिकठिकाणी आवळतो, वारा तिला फाडतो आणि सलग धारेचे थेंब होतात. या थेंबांतल्या सर्वांत मोठ्याचाही अंतिम वेग सेकंदाला ९ मीटरांच्या घरात, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर एवढाच असतो. कोकणातून आलेला वारा उभ्या कड्याला थडकून वर वळतो, नानाचा अंगठा नावाच्या कड्याच्या बाजूच्या खिंडीत दाटतो आणि त्याचा वर जाण्याचा वेग या आकड्याच्या पुढे गेला की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला थेंब वर जाताना दिसतो. वाऱ्याच्या झोताबरोबर वर जाणारा कुणी त्याच थेंबाकडे पाहू शकला असता, तर त्याला तो नेहमीप्रमाणे खालीच पडताना दिसला असता, सेकंदाला नऊ मीटरांनी. गती नेहमी कशाच्या तरी संदर्भात असते, हे आपण आठवी-नववीत शिकतो ते रेल्वेच्या डब्यांच्या उदाहरणाने. माझ्या मते त्या धड्याची खरी जागा नाणेघाटाचा कडा आहे. पाऊस फार झाला आणि ओहळ भरून वाहू लागला की जाड लोंढा वाऱ्याला जुमानत नाही, तो सरळ दरीत जातो आणि फक्त त्याच्या कडेचे तुषार वर येतात. कारण पुन्हा तेच : एकसंध लोंढ्याचे वजन फार आणि त्याच्या मानाने हवेला धरायला मिळणारा पृष्ठभाग थोडा.

थेंब मोजण्यासाठी मात्र घाटापर्यंत जाण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या व्हर्मोंट राज्यातले शेतकरी विल्सन बेंटली, जे हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहेत, त्यांनी १९०४ साली पावसाच्या थेंबांचे माप घेण्याची एक अत्यंत साधी रीत प्रसिद्ध केली. पसरट भांड्यात चाळलेल्या पिठाचा बोटभर थर घ्यायचा आणि तो दोन-तीन सेकंद पावसात धरून लगेच आडोशाला आणायचा. प्रत्येक थेंब पिठात आपल्या आकाराच्या प्रमाणात एक गोळी तयार करतो. गोळ्या वाळल्या की पीठ अलगद चाळून त्या वेगळ्या करता येतात आणि मापता येतात. मी हा प्रयोग मैदा आणि परात घेऊन पडवीत केला आहे, कधी वळवाच्या सरीत आणि कधी आषाढातल्या झडीत, आणि दोन्हींतला फरक माप न घेताही कळतो. झडीच्या परातीत मोहरीच्या आणि त्याहूनही बारीक आकाराच्या गोळ्या दाटीने भरतात. वळवाच्या परातीत गोळ्या थोड्या असतात, पण त्यांत काही चांगल्या वाटाण्याएवढ्या निघतात आणि जिथे त्या पडल्या तिथे पीठ कडेला उडालेले असते. घाटावरच्या मोसमी पावसाचे ढग बरेचदा उथळ आणि उबदार असतात, त्यांत कणांना वाढायला वाट थोडीच मिळते. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटरांपर्यंत उभा चढतो, त्यातले ऊर्ध्वगामी वारे गारांनासुद्धा झेलून धरतात आणि तिथून सुटणारा थेंब चांगला पोसलेला असतो. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२पासून आहे, तिथे थेंबांचे आकार आणि वेग उपकरणांनी सतत टिपले जातात. परातीची रीत त्यापुढे अगदीच ढोबळ, पण ती हाताला लागते म्हणून मला प्रिय आहे.

वळवाच्या वेळी माझी भाची सोबत होती. गोळ्या निवडता निवडता तिने विचारले, ‘‘मामा, दरवेळी पहिले चार थेंबच इतके मोठे का असतात? नंतरचे लहान का होतात?’’ प्रश्न इतका नेमका होता की उत्तर आम्ही तिथेच कागदावर काढले. ढगाचा तळ २ किलोमीटरवर धरला आणि सगळे थेंब एकाच वेळी निघाले असे मानले, तर सेकंदाला ९ मीटरने येणारा ५ मिलिमीटरचा थेंब ३ मिनिटे ४२ सेकंदांत पोहोचतो आणि सेकंदाला ४ मीटरने येणारा १ मिलिमीटरचा थेंब ८ मिनिटे २० सेकंदांनी. चंद्रासारखी निर्वात भूमी असती तर दोघे बरोबर उतरले असते. इथे हवा त्यांना वाटेत वेगळे करते, मोठ्यांना पुढे सोडते आणि लहानांना मागे ठेवते, म्हणून धुळीवर पडणारे पहिले टपोरे थेंब येऊन गेल्यावर मग सर धरते. थेंब अमर्याद मोठा का होत नाही, हेही भाचीने विचारले. थेंब वाढला की खालून लागणारा हवेचा रेटा त्याला चपटा करतो. चित्रांत काढतात तसा टोकदार शेंड्याचा थेंब आकाशात नसतोच, मोठा थेंब वडापावाच्या पावासारखा खालून सपाट आणि वरून फुगीर असतो. पाच-सहा मिलिमीटरांच्या पुढे पृष्ठताणाला हा रेटा आवरत नाही आणि थेंब फुटतो. हवेने वेगावर घातलेली मर्यादा आकारावरही अशी लागू होते.

नऊ मीटरांचा हा वेग भाताला सोसतो, उघड्या मातीला मात्र सोसत नाही. टपोरा थेंब भुसभुशीत जमिनीवर पडला की तिथे बारीक खड्डा होतो, मातीचे कण उसळून बाजूला उडतात, आणि उतारावर त्यांतले बहुतेक खालच्या अंगाला जाऊन पडतात. सुटे झालेले कण मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि मग ओघळ पडतात. झाडे लावली की हे थांबते असे आपण सरसकट म्हणतो, पण थेंबाचे गणित इथे सावध करते. उंच झाडाच्या पानांवर झडीचे बारीक थेंब साचतात, एकमेकांत मिसळतात आणि पानाच्या टोकावरून मोठा थेंब होऊन सुटतात. फांदी दहाएक मीटर उंच असेल, तर तेवढ्या अंतरात तो मोठा थेंब जवळपास सगळा अंतिम वेग परत मिळवतो. सागासारख्या रुंद पानांच्या झाडाखाली त्यामुळे उघड्या माळापेक्षाही जोराचा मार जमिनीला बसू शकतो. मातीला खरे वाचवते ते झाडाखालचे झुडूप, गवत आणि पडलेला पाला, कारण तिथून थेंबाला पुन्हा वेग घ्यायला अंतरच उरत नाही. आमच्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाखालचा पाला पेटवून देतात, आणि मग मे महिन्यात वर्षातले सगळ्यांत मोठे थेंब त्याच उघड्या, राखेने झाकलेल्या उतारावर येऊन पडतात.